रविवारी आपल्याकडे मान न वळवल्याबद्दल

गुरुवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

आदरणीय व्याहीसाहेब यांस सप्रेम नमस्कार.

('व्याही' हा शब्द लिहावा की नाही यावरून घरात दोन मतं पडली. आमच्या हिचं म्हणणं, अजून आपला होकार आलेला नाही, तेव्हा नुसतं 'साहेब' लिहा. मी म्हटलं, नुसतं 'साहेब' लिहिलं तर पत्र दातांच्या डॉक्टरांना लिहिल्यासारखं वाटेल. शेवटी मुलगी म्हणाली, "लिहा हो बाबा, खोडता येतंच की." म्हणून लिहिलं आहे. पसंत नसेल तर आपण खोडावं, आम्ही वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेऊ, पण कळवणार नाही.)

आम्ही तिघंही खुशाल आहोत. माझ्यापुरतं बोलायचं तर मानेच्या वरचा भाग खुशाल आहे आणि मानेच्या खालचा भागही खुशाल आहे. आपला गुडघा कसा आहे? जिना चढताना आपण दोनदा थांबलात असं ही म्हणाली. मला ते दिसलं नाही, आणि का दिसलं नाही हेच सांगायला हा कागद घेतला आहे. विहीणबाईंचा खोकला आता बरा असावा. चिरंजीवांना अनेक आशीर्वाद. मुलगा आम्हांला फार आवडला, हे मी रविवारीच सांगणार होतो, पण तो माझ्या उजव्या हाताला बसला होता.

रविवारी आपण निघताना "विचार करून कळवतो" म्हणालात. मंगळवारी चिरंजीवांनी आमच्या मुलीला फोन केला आणि तिनं त्यातला मजकूर आम्हांला बुधवारी सांगितला. (एक दिवस तिनं तो पोटात ठेवला. त्या दिवशी माझ्याबरोबर काम करताना तिनं एका नाजूक आजीबाईंच्या कवळीला एका धिप्पाड गृहस्थाचे दात बसवले, यावरून तिच्या मनाची अवस्था ओळखावी. आजीबाईंपर्यंत ते पोचले नाहीत, मी वेळेवर पाहिलं.) आपण म्हणे गाडीत बसल्यावर म्हणालात, की तीस वर्षं मी बंदरावर कस्टम्समध्ये काढली, माणूस काही लपवतोय की नाही हे मला त्याच्या मानेवरून कळतं. जो माझ्याकडे सरळ बघतो त्याची बॅग मी उघडत नाही आणि जो बघत नाही त्याची सोडत नाही. आणि या गृहस्थांनी दीड तासात एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. शिवाय ऐन उन्हाळ्यात गळ्याला मफलर. शिवाय कोपऱ्यात झाकून ठेवलेली ती पिशवी. व्याहीसाहेब, आपल्या जागी मी असतो तर मी शिट्टी वाजवून शिपाई बोलावले असते. आपण चहा पूर्ण प्यायलात, हा आपला मोठेपणा. तेव्हा आता मी माझी बॅग आपण होऊन उघडतो.

आपल्याला ठाऊकच आहे, मी कवळ्या बनवतो. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो, साच्यावर मेण लावतो, मेणात एकेक दात उभा करतो आणि पुढचं सगळं. एकतीस वर्षं झाली. या कामात माणूस पेशंटचं तोंड कधी बघत नाही, फक्त जबडा बघतो. त्यामुळे रस्त्यात कुणी हसलं की मला माणूस ओळखू येत नाही पण वरची डावी दाढ ओळखू येते. मात्र हे काम खाली बघून करावं लागतं. आठ-नऊ तास हनुवटी छातीला आणि मान थोडी उजवीकडे कललेली, कारण दिवा डावीकडे आहे. (दिवा उजवीकडे का घेत नाही असं आपण विचाराल. ते बटण उजवीकडे नाही. एकतीस वर्षांपूर्वी वायरमनला जेवायची घाई होती.) तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी उठलो तर मानेपासून उजव्या खांद्यापर्यंत कुणीतरी आतून दोरी ओढून गाठ मारल्यासारखं झालं होतं. मला वाटलं, जाईल. ही म्हणाली, उशीनं झालंय.

आता माझ्या उशीबद्दल. माझी उशी अठरा वर्षांची होती. मधून पार बसलेली आणि दोन्ही बाजूंनी गाल आलेली, पण माझ्या सवयीची. मी कामावर असताना हिनं ती कचऱ्याच्या गाडीत टाकली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "अहो, ती उशी नव्हती, उशीचा अभ्रा होता, आत काहीही नव्हतं." अठरा वर्षं मी अभ्र्यावर झोपत होतो हे मला मान्य नाही, पण पुरावा गेलेला होता.

मग आम्ही उश्यांच्या दुकानात गेलो. तिथे डॉक्टरसारखा पांढरा कोट घातलेला एक विक्रेता होता. त्यानं सांगितलं की उशी अशी हातानं दाबून घ्यायची नसते, झोपून घ्यायची असते, आणि रस्त्याच्या बाजूला काचेजवळ मांडलेल्या पलंगावर मला बूट काढायला न लावता आडवं केलं, पाय तेवढे कडेबाहेर. दोन उश्या झाल्या. तिसरी मेमरी फोमची. "ही तुमच्या डोक्याचा आकार लक्षात ठेवते," तो म्हणाला. ही म्हणाली, "बरं झालं, घरात लक्षात ठेवणारी मी एकटीच होते." त्यापुढचं मला आठवत नाही, कारण मी झोपलो. भर दुपारी, बूट घालून, काचेत, तोंड उघडं टाकून पाऊण तास झोपलो. मला काम देणारे एक दातांचे डॉक्टर रस्त्यानं जात होते. त्यांनी काचेतून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून चौकशी केली की काम कमी पडतंय का. पण उठलो तेव्हा मान हलकी होती! अगदी पिसासारखी. मी ती उशी तिथल्या तिथे उचलली.

घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी मान पुन्हा धरली. मी अकरा दिवस धीर धरला, कारण विक्रेता म्हणाला होता की उशीला तुमची ओळख व्हायला वेळ लागतो. बाराव्या दिवशी मुलीनं खोक्यातला कागद वाचला. त्या उशीला लाटेसारखे दोन उंचवटे असतात, एक मोठा, एक लहान, आणि उंचवटा मानेखाली घ्यायचा असतो, डोकं मधल्या खोलगटात. मी ती उलटी घालून मोठा उंचवटा डोक्याखाली घेत होतो. म्हणजे अकरा दिवस मी पलंगावर झोपून माझ्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होतो. उशी सुलट केली. तरी फरक नाही. मी दुकानात जाऊन तक्रार करायला निघालो, तेव्हा मुलीनं मला हाताला धरून फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेलं. हीसुद्धा आली, कारण मी डॉक्टरांना खरं सांगत नाही असा तिचा समज आहे.

या बाई वयानं आमच्या मुलीएवढ्याच, पण हात फार जाणते. त्यांनी विचारलं, "काका, झोपता कसे?" मी म्हटलं, "मला कसं कळणार? मी तेव्हा झोपलेला असतो." त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. मग ही पुढे झाली. चपला काढून त्यांच्या तपासणीच्या पलंगावर चढली आणि पालथी पडून तिनं माझी झोप करून दाखवली: तोंड डावीकडे वळवून उशीत खुपसलेलं, उजवा हात डोक्यावरून पलीकडे गेलेला, एक पाय पोटाशी. भिंत चढणाऱ्या पालीसारखी. मी म्हटलं, मी असा झोपत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, अगदी असेच." व्याहीसाहेब, सत्तावन्न वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माणसाला आपल्याबद्दल केवढं ठाऊक नसतं!

बाईंनी मग नीट समजावलं. पालथं झोपलं की श्वास घ्यायला मान एका बाजूला पूर्ण वळवावी लागते, आणि तशीच पाच-सहा तास वळलेली राहते. दिवसा कामावर उजवीकडे, झोपेत डावीकडे, म्हणजे त्या बिचारीला सुट्टी नाही. दुकानात बरं वाटलं ते उशीमुळे नव्हे. पायात बूट असल्यामुळे मी पालथा होऊ शकलो नाही, पाठीवर झोपलो, म्हणून. (हे ऐकून मी घरी बूट घालून झोपायची तयारी दाखवली. हिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.) त्यांनी सांगितलं, पाठीवर झोपायचं तर उशी बुटकी हवी, मानेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी आणि गुडघ्यांखाली एक उशी. कुशीवर झोपायचं तर उशीची उंची कानापासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या अंतराएवढी, म्हणजे मान ना वर ना खाली, आणि छातीशी एक उशी कवटाळायची, म्हणजे वरचा खांदा पुढे ओघळत नाही. दुखऱ्या खांद्यावर झोपायचं नाही. शिवाय कामाचं टेबल चार बोटं उंच करायचं आणि अर्ध्या तासानं उठायचं. मी उश्यांना हो म्हटलं. टेबलाचं ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर पलंगावर आम्ही दोघं आणि पाच उश्या राहू लागलो. ही अगदी कडेला गेली. तिला मी म्हटलं, तू पडशील. ती म्हणाली, "पडले तर उठेन, तुम्ही पाठीवर राहा." पण मी पाठीवर राहत नसे. डोळा लागला की पाल परत भिंतीवर. मग ती मला धरून उताणा करायची, मी पुन्हा पालथा, ती पुन्हा उताणा. हे मला माहीतच नव्हतं. पंधरा दिवसांनी ती डाव्या हातानं केस विंचरताना दिसली तेव्हा मी विचारलं, आणि कळलं की तिचा उजवा खांदा धरला आहे. माझं धूड उलथून उलथून. व्याहीसाहेब, त्या दिवशी मला फार लाज वाटली. मी ठरवलं, आता यावर कायमचा इलाज करायचा, आणि आपला आपण करायचा. इथून पुढे जे झालं त्याला ही माझी लाज कारणीभूत आहे, मूर्खपणा नव्हे. (घरात याबद्दलही दोन मतं आहेत.)

माझा विचार असा. टॉवेलची गुंडाळी सकाळपर्यंत सैल होते. दुकानातली उशी कुणाच्याही मानेसाठी केलेली असते. तयार कवळी दुकानातून कुणी आणतं का? जबड्याचा ठसा घेतात, साचा काढतात, मग ती बसते. मग मानेनं काय पाप केलंय? तिचाही ठसा घ्यावा, साचा काढावा आणि त्या साच्यावरून फोम कापून अशी उशी करावी की डोकं तिच्यात कवळीसारखं घट्ट बसेल, पालथं व्हायची सोयच नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, नको." ही म्हणाली, "तुमच्या जबड्याचा घ्या आधी, जरा बंद राहील." मी शनिवारी दुपारी धुण्याच्या टबात आठ किलो प्लास्टर कालवलं, वर पातळ प्लास्टिक अंथरलं आणि लॅबच्या फरशीवर मान टबातल्या प्लास्टरवर टेकवून आडवा झालो. (आमची लॅब म्हणजे घराची पुढची खोली. आपण बसलात तीच. माणसं येणार असली की मशीन आत जातं.)

प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की गरम होतं. सुरुवातीला इतकं छान वाटत होतं की मी हिला म्हटलंसुद्धा, बघ, शेकही मिळतोय. आणि तेवढ्यात आपला फोन आला.

तो फोन मुलीनं घेतला, दारात उभी राहून. दार माझ्या डावीकडे आहे. तिनं फोनवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, ते उद्याच येतायत!" आता सांगा, हे ऐकून कुठला बाप सरळ छताकडे बघत राहील? मी गर्रकन डावीकडे वळलो. प्लास्टिक सरकलं, मागचे केस प्लास्टरमध्ये गेले आणि प्लास्टर आवळलं. ते आवळायची वेळ मी एकतीस वर्षं घड्याळ न बघता ओळखत आलोय. या वेळीही ओळखली, फक्त उपयोग नव्हता. मी तसाच, हनुवटी डाव्या खांद्यावर, आठ किलोच्या टबाला चिकटलेला. मुलगी आपल्याशी गोड आवाजात बोलत होती, "हो काका, अगदी सावकाश या, आम्ही घरीच आहोत." आपल्याला तेव्हा मागून "हातोडी आण, हातोडी!" असं ऐकू आलं असणार. तो आमच्या हिचा आवाज. कुणावरही हल्ला चाललेला नव्हता.

हिनं टब फोडला, मग प्लास्टर फोडलं, आणि उरलेले गठ्ठे शिवणाच्या कात्रीनं केसांसकट कापून काढले. मागच्या बाजूनं आता माझं डोकं अर्धवट पिसं उपटलेल्या कोंबडीसारखं दिसतं, म्हणून मफलर. मी उठून बसलो, मान सरळ करायला गेलो, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. मान डावीकडे ती डावीकडेच. फिजिओच्या बाईंना फोन केला तर त्या बाहेरगावी, म्हणाल्या, "काका, जोर लावून सरळ करू नका, गरम पाण्याच्या पिशवीनं शेका, सोमवारी सकाळी पहिले तुम्ही." ही म्हणत होती की पाहुण्यांना खरं सांगून भेट पुढे ढकलू. मीच नको म्हटलं. म्हटलं, पहिल्याच भेटीला सबब सांगितली तर त्यांना काय वाटेल!

रविवारी सकाळी आम्ही खुर्च्यांचा बेत केला. माझी मान डावीकडे, तेव्हा आपल्याला माझ्या डावीकडच्या मोठ्या खुर्चीत बसवायचं, विहीणबाईंना आणि चिरंजीवांना उजवीकडे. म्हणजे मी आपोआप आपल्याकडेच बघत राहीन आणि आपल्याला वाटेल, काय आदरानं ऐकतोय हा माणूस. बेत उत्तम होता. पण आपण आत आलात, खोलीवरून एकदा नजर फिरवलीत आणि उजवीकडे, दार समोर दिसेल अशा खुर्चीत बसलात. (ही आपली कामावरची सवय असं चिरंजीवांनी नंतर मुलीला सांगितलं. आम्हांला आधी कळायला हवं होतं.) मोठ्या खुर्चीत विहीणबाई बसल्या. त्यामुळे दीड तास मी त्यांच्याकडे एकटक बघत होतो. त्यांनी तीनदा पदर सारखा केला, एकदा केसांना हात लावला आणि शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरचे महिने वाचू लागल्या. त्यांची मी हात जोडून क्षमा मागतो. मी एकदा अख्खी खुर्चीच आपल्या दिशेला वळवायचा प्रयत्न केला, पण तिचा पाय सतरंजीत अडकला आणि मी उलट आणखी डावीकडे गेलो. त्यानंतर मला विहीणबाईसुद्धा दिसेनाशा झाल्या, नुसती खिडकी दिसत होती, आणि ही मला चिमटा काढून म्हणाली की निदान माणसांकडे बघा, म्हणून पुन्हा मागे आलो.

आता पिशवी. ती प्लास्टरची पिशवी. तिच्यावर कापड टाकू नकोस असं मी हिला सांगितलं होतं, पण तिला ती उघडी बरी दिसेना. आपण विचारलंत, "त्या पिशवीत काय आहे?" आमच्याकडे असा नियम आहे की लोक खात असताना दातांचा विषय काढायचा नाही. आपल्या हातात केक होता. हिला वाटलं, प्लास्टर म्हटलं तर पुढे कवळ्या येणार, म्हणून ती घाबरून "पीठ" म्हणाली. आपण उठलात, चिमूटभर घेतलंत, दोन बोटांत चोळलंत, वास घेतलात आणि परत येऊन बसलात. मला हे नुसतं ऐकू येत होतं. लगेच आमच्या हिनं आपल्याला केकचा चौथा तुकडा वाढला. सोबत थोडं प्लास्टर पुडीत बांधून पाठवलं आहे. पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवावं, आपली खात्री पटेल.

आणि शेवटी ते मुख्य. आपण विचारलंत, "लग्नानंतर मुलीनं आमच्या गावी यावं असं आम्हांला वाटतं. तिथेही दातांचे डॉक्टर आहेत, तिला काम मिळेल. तुमची काही हरकत नाही ना?" मी मान हलवून 'नाही, नाही' म्हणणार होतो. मान हलली नाही आणि तोंडातून जे निघालं ते आपण ऐकलंत. कण्हल्यासारखं, खोल, लांबलचक. आपण म्हणालात, "बरं." आणि कप खाली ठेवलात. व्याहीसाहेब, तो आवाज मानेचा होता, माझा नव्हता. माझी काडीचीही हरकत नाही. मुलीनं हा निर्णय स्वतः घेतला आहे, चिरंजीव आणि ती दोघं मिळून. आगगाडीनं तीन तास म्हणजे काही लांब नाही. तेव्हा मनात किंतू न ठेवता होकार कळवावा, ही हात जोडून विनंती.

सोमवारी फिजिओच्या बाईंनी मान अर्धी सोडवली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, इलाज जागेपणी करायचा असतो, उशीचं काम तो झोपेत बिघडू न देण्याचं." त्यांनी हिचाही खांदा पाहिला आणि तिलाही छातीशी धरायला एक उशी दिली. आता पलंगावर सहा उश्या आहेत. काल मी टेबल चार बोटं उंच केलं, विटा लावून. वायरमनलाही बोलावलं आहे. आज सकाळी उठलो तो पाठीवर, टॉवेलच्या गुंडाळीवर, जसा झोपलो तसाच. हिनं मला उलथायला हात पुढे केला होता म्हणे, आणि तसाच मागे घेतला.

पत्र लांबलं. विहीणबाईंना नमस्कार. आपण पुन्हा एकदा यावं. कुठल्याही खुर्चीत बसावं.

आपला
(होकार आल्यास) व्याही

ता. क. मी आपल्याकडे अजिबात पाहिलं नाही हे तितकंसं खरं नाही. विहीणबाईंच्या मागे माझं साच्यांचं काचेचं कपाट आहे. त्यात मला आपण अर्धे दिसत होतात. निघताना खुर्चीतून उठलात तेव्हा आपण हात मानेमागे नेऊन उजवीकडे दाबलंत आणि तोंड वाकडं केलंत. गुडघा तर आहेच, पण मानही आहे. विहीणबाईंकडून आपण झोपता कसे ते विचारून घ्यावं, आपल्या स्वतःच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आणि कानापासून खांद्याच्या टोकापर्यंतचं माप कळवावं. उशी मी पाठवतो. साचा काढणार नाही, वचन देतो.

ता. क. दुसरा. वरचं पत्र मुलीनं वाचलं आहे, हे तिनं वाचलेलं नाही. तो जो आवाज निघाला, त्या क्षणी मान दुखत नव्हती. मी हललोच नव्हतो. आपण प्रश्न विचारलात आणि तो निघाला. दातांचा रंग जुळवायचं काम गेली सहा वर्षं तीच करते, माझी नजर आता तेवढी राहिलेली नाही. पण ते निमित्त झालं, त्यासाठी माणूस ठेवता येईल. हरकत नाही हे मात्र खरंच आहे. कण्हायचा हक्क तेवढा माझ्याकडे असू द्यावा.

ता. क. तिसरा, आणि पत्र मुळात एवढ्यासाठीच होतं. ती कधी तक्रार करत नाही. लहानपणापासून तिचं एकच आहे: मनाला काही लागलं असलं की झोपेत उशी ढकलून देते. ज्या सकाळी तिची उशी जमिनीवर पडलेली असते, त्या सकाळी काहीतरी असतं. आम्ही तिला विचारत नाही, विचारलं की ती "काही नाही" म्हणते. ही फक्त उशी उचलून जागेवर ठेवते आणि त्या दिवशी आम्ही चहाला जरा जास्त वेळ बसतो. दुसऱ्या कपाला ती बोलते. विहीणबाईंना एवढं सांगून ठेवावं.